मेळ कोणी घालायचा?



वसंत व्याख्यानमालेत इतिहास, साहित्य, आरोग्य, राजकारण हे विषय शोभून दिसतात. कंपन्यांनी आपल्या कारभारासाठी संगणकाची कोणती प्रणाली घ्यावी, हा विषय त्या पंक्तीला बसवला म्हणजे तो थोडा कोरडा वाटणार, हे मी जाणून आहे. 'हा तर कारखानदारांचा प्रश्न. आम्हांला त्याचे काय?' असेही कोणी मनात म्हणत असेल. पण आपल्यापैकी अनेकांचा पगार त्याच प्रणालीतून निघतो. कोणाच्या उसाचे बिल तीतून निघते. हवे असलेले औषध शिल्लक आहे की संपले, हे दुकानदाराला तीच सांगते. आणि ती चुकली म्हणजे कष्ट केलेला माणूस खिडकीपाशी ताटकळत उभा राहतो आणि आतला माणूस मान वर न करता त्याला सांगतो, 'सिस्टिममध्ये दिसत नाही.' हे वाक्य ज्याने ऐकलेले नाही असा माणूस या सभागृहात सापडणे कठीण. तेव्हा विषय कारखानदारांचा असला तरी त्याची झळ आपणा सर्वांपर्यंत पोचते.

प्रश्न थोडक्यात असा आहे. एका बाजूला एकात्मिक प्रणाली असते. खरेदी, विक्री, कोठार, उत्पादन, पगार, हिशेब ही सगळी खाती तिच्यात एकाच छपराखाली नांदतात. तिला इंग्रजी आद्याक्षरांवरून ईआरपी म्हणतात. दुसऱ्या बाजूला एकेका कामासाठी मुद्दाम घडवलेल्या खास प्रणाली असतात. पगाराची वेगळी, गोदामाची वेगळी, ग्राहकांच्या तक्रारींची वेगळी. पहिली विकणारा म्हणतो, 'सगळे एका ठिकाणी मिळेल.' दुसरी विकणारा म्हणतो, 'प्रत्येक कामाला त्यातला जाणकार मिळेल.' दोघेही खरेच बोलतात, आणि म्हणूनच निवड करणे अवघड होऊन बसते.

हा प्रश्न समजून घ्यायला परदेशी पुस्तके उघडण्याची गरज नाही. आपली जुनी पेढी आठवावी. पेढीवर रोजकीर्द एक असे आणि खतावणीत खाती अनेक असत. व्यवहार घडला की तो एकदा कीर्दीत चढे आणि तेथून ज्याच्या त्याच्या खात्यात खतावला जाई. दिवसअखेर रोख मोजून मेळ घालायचा. तो बसला नाही तर मुनीमजींना घरी जायची घाई करून चालत नसे. पुढे धंदे वाढले. कोठीवाल्याने आपली वही केली, फाटकावरच्या माणसाने आपली केली, वजनकाट्यावर तिसरी आली, पगाराची चौथी आली. प्रत्येक वही आपापल्या जागी अचूक असे. पण चार वह्यांत एकाच मालाचे चार आकडे दिसू लागले. मग त्या चारांचा मेळ घालणे हेच एक स्वतंत्र काम होऊन बसले.

संगणक आल्याने वह्या गेल्या, पण मेळ घालण्याचे काम गेले नाही. मला आज जे सांगायचे आहे ते एवढ्यातच आहे. एकात्मिक की खास, ही निवड करताना आपण खरोखर ठरवीत असतो ते हे की मेळ कोणी घालायचा. एकात्मिक प्रणाली घेतली तर तो तिच्या कर्त्याने अगोदरच घालून दिलेला असतो, पण त्याच्या रीतीने. खास प्रणाली घेतल्या तर प्रत्येकीचे काम आपल्या रीतीने होते, पण मेळ आपल्याला घालावा लागतो, आणि तो एकदाच घालून भागत नाही, रोज घालावा लागतो. फुकटचा मेळ कोठेच मिळत नाही.

या एकात्मिक प्रणाली आल्या कोठून, तेही थोडे पाहू. १९६०च्या दशकात अमेरिकेत जोसेफ ऑर्लिकी आदी मंडळींनी कारखान्यातील मालाचे गणित संगणकावर मांडले. तयार यंत्रांची मागणी इतकी आहे, तर त्यांना लागणारे सुटे भाग किती आणि ते कोणत्या तारखेला हवेत, हे मागणीपासून उलटे मोजत जायचे. ही झाली मालाची बाजू. पैशाची बाजू वेगळीच होती. १९७२ साली जर्मनीत आयबीएम कंपनी सोडलेल्या पाच जणांनी सॅप ही कंपनी काढली. त्यांचे पहिले गिऱ्हाईक म्हणजे आयसीआय या रासायनिक कंपनीचा ओस्ट्रिंगेन येथील धाग्यांचा कारखाना. माल आला की त्याची नोंद तत्क्षणी व्हावी आणि त्याच नोंदीतून हिशेबही पुढे सरकावा, ही त्यांची कल्पना. आपल्या भाषेत बोलायचे तर त्यांनी कीर्द पुन्हा एक केली. १९९० साली गार्टनर या संस्थेने अशा प्रणालींना ईआरपी हे नाव दिले, आणि १९९२ साली सॅपची आर-थ्री ही प्रणाली निघाल्यावर जगभरच्या मोठ्या कंपन्या त्या वाटेने चालू लागल्या.

आता कोणी विचारील, कीर्द एक झाली, मेळ आपोआप बसला, मग वाद कसला? वाद असा की, सर्वांसाठी एकदाच शिवलेला अंगरखा सर्वांच्या अंगाला बसत नाही. लिडल ही जर्मनीची मोठी दुकानसाखळी. तिने २०११ साली आपल्या जुन्या प्रणालीच्या जागी सॅपची प्रणाली आणायचे काम हाती घेतले. लिडलमध्ये दुकानातल्या मालाची किंमत खरेदीच्या दराने मांडण्याची वहिवाट होती. नव्या प्रणालीची मूळ रचना मात्र विक्रीच्या दराने मांडण्याची होती. कंपनीला आपली वहिवाट मोडायची नव्हती, म्हणून प्रणालीला मुरड घालणे सुरू झाले. मुरडीवर मुरड पडत गेली. सात वर्षांनी, २०१८ साली, हे काम सोडून देण्यात आले. तोवर सुमारे ५० कोटी युरो खर्ची पडल्याची वृत्ते प्रसिद्ध झाली. एका वहिवाटीमुळेच सगळे बिघडले असे मी म्हणणार नाही. पण बाहेरून क्षुल्लक दिसणारी गोष्ट केवढी महाग पडू शकते, हे यावरून कळते.

यावर खास प्रणालींचा पुरस्कर्ता आनंदेल. त्याने थोडे थांबावे. नाइकी या पादत्राणांच्या कंपनीने २००० साली मागणीचा अंदाज बांधण्यासाठी एक खास प्रणाली सुरू केली. अंदाज बांधणे हेच त्या प्रणालीचे खास काम. पण ती जुन्या प्रणालींना जोडताना अडचणी आल्या आणि मागण्यांचे आकडे चुकले. ज्या जोड्या खपत नव्हत्या त्यांचे ढीग झाले आणि ज्या हातोहात खपत होत्या त्यांचा तुटवडा पडला. २००१च्या आरंभी कंपनीने सुमारे १० कोटी डॉलरांची विक्री हातची गेल्याचे जाहीर केले. म्हणजे जाणकार घरात आला, पण घरातल्या माणसांशी त्याचे बोलणे नीट जुळले नाही.

तिसरे उदाहरण हर्शी या अमेरिकन चॉकलेट कंपनीचे. तिने तीन वेगवेगळ्या कर्त्यांच्या प्रणाली निवडल्या. कारभाराचा कणा म्हणून सॅपची आर-थ्री, ग्राहकांसाठी सीबेलची आणि मालपुरवठ्याच्या नियोजनासाठी मॅन्युजिस्टिक्सची. एकूण खर्च सुमारे ११ कोटी २० लाख डॉलर. चार वर्षांचे काम अडीच वर्षांत उरकायचे ठरले, आणि तिन्ही प्रणाली १९९९च्या जुलैमध्ये एकदमच चालू झाल्या. तिकडे ऑक्टोबरअखेर हॅलोवीनचा सण असतो. चॉकलेटच्या धंद्याची ती दिवाळीच म्हणा. गोदामांत माल पडून होता, दुकानदार मागत होते, आणि मागणी मालापर्यंत पोचत नव्हती. सुमारे १० कोटी डॉलरांचा माल वेळेवर जाऊ शकला नाही आणि त्या तिमाहीचा नफा १९ टक्क्यांनी घसरला. सणाच्या तोंडावर घराचा पाया खणू नये, हे आपल्या कोणत्याही आजीने त्यांना सांगितले असते.

या तीन गोष्टींतून 'एकात्मिक चांगली' किंवा 'खास चांगली' असा निकाल निघत नाही. तिन्ही ठिकाणी घाव सांध्यावर बसला. एके ठिकाणी कंपनीची वहिवाट आणि प्रणालीची रीत यांच्या सांध्यावर, दुसरीकडे नव्या आणि जुन्या प्रणालीच्या सांध्यावर, तिसरीकडे तिघींच्या सांध्यावर आणि घाईवर. सांधे वाढतात कसे, हे साधे गणित आहे. चार प्रणाली असतील आणि प्रत्येकीला प्रत्येकीशी बोलावे लागले, तर सांधे सहा होतात. प्रणाली आठ झाल्या तर सांधे सोळा होत नाहीत, अठ्ठावीस होतात.

आजकाल विक्रेते सांगतात की आमच्या प्रणालीला एपीआय आहे, म्हणजे दुसऱ्या प्रणालीने येऊन बोलावे यासाठी एक दार ठेवलेले आहे. दार असते हे खरे, आणि त्यामुळे काम पूर्वीपेक्षा पुष्कळ सोपे झाले हेही खरे. पण दोन घरांमध्ये दार पाडले म्हणून दोन घरांची भाषा एक होत नाही. एखाद्या ओतकारखान्याचे, म्हणजे आपल्या फाउंड्रीचे, उदाहरण घ्या. भंगार टनांवर येते, भट्टीत रस किलोवर मोजतात, कास्टिंग नगावर विकतात. कोठाराच्या प्रणालीने 'दोनशे' म्हटले आणि विक्रीच्या प्रणालीने 'दोनशे' ऐकले, तरी एकीच्या मनात किलो आणि दुसरीच्या मनात नग असले तर तो संवाद नव्हे. एकाच ग्राहकाचे नाव तीन प्रणालींत तीन प्रकारे लिहिलेले असणे, ही तर नित्याची गोष्ट आहे. तारेतून आकडे जातात. अर्थ मात्र माणसांनी बसून ठरवावा लागतो.

तर मग आपल्याकडच्या मध्यम धंद्याने काय करावे? मोठ्या कंपन्यांच्या कथा ऐकून घाबरण्याचे कारण नाही. आपल्या परिचयाचा एक धंदा घेऊन विचार करू. सहकारी साखर कारखाना घ्या. त्याला खरेदी आहे, कोठार आहे, मस्टर आणि पगार आहे, साखरेची विक्री आहे, जमाखर्च आहे. ही सगळी कामे कापडगिरणीत असतात तशीच येथेही असतात. त्यांत कारखान्याचे वेगळेपण काही नाही. पण ऊस खात्याचे काम पाहा. सभासदाच्या उसाची नोंद, लागवडीची तारीख, उसाची जात, त्यावरून ठरणारा तोडणीचा क्रम, टोळी आणि वाहन, काट्यावरचे भरलेले व रिकामे वजन, त्यावरून बिल, त्या बिलातून सोसायटीच्या कर्जाची कपात, शिवाय तोडणी-वाहतुकीचे वेगळे बिल. ही साखळी दुसऱ्या कोणत्याही धंद्यात याच रूपाने सापडणार नाही. शिवाय १९६६च्या ऊस नियंत्रण आदेशाप्रमाणे ऊस पोचल्यापासून १४ दिवसांत पैसे द्यावयाचे असतात. उशीर झाला तर त्यावर दरसाल १५ टक्के व्याजाची तरतूद आहे. म्हणजे काट्यावरचे वजन बिलापर्यंत पोचायला लागलेला प्रत्येक दिवस कारखान्याच्या आणि शेतकऱ्याच्या जिवाशी आहे.

अशा कारखान्याने परदेशी एकात्मिक प्रणालीला मुरडा घालून तीतून ऊस खाते चालवायचा हट्ट धरला, तर लिडलच्या वाटेने जाण्याचा धोका आहे. उलट प्रत्येक खात्याला त्याच्या आवडीची वेगळी प्रणाली दिली, तर गळीत हंगामाच्या ऐन भरात अठ्ठावीस सांधे दुखू लागतील. माझ्या मते शहाणपणाची वाट अशी आहे. पैसा, माल, माणसे आणि कर ही चार कामे एका एकात्मिक प्रणालीत ठेवावीत आणि त्यांत आपल्या सवयी सोडून प्रणालीची रीत पत्करावी. खास प्रणाली घ्यावी ती फक्त तेथे, जेथे आपला धंदा खरोखर वेगळा आहे. कारखान्याला ती ऊस खात्यात लागेल. ओतकारखान्याला हीट नंबरावरून प्रत्येक नगाचा माग काढण्यासाठी लागेल. दूध संघाला संकलनकेंद्रावरील फॅट आणि एसएनएफच्या नोंदींसाठी लागेल. अशी जागा प्रत्येक धंद्यात एक असते, क्वचित दोन. कोणी आपल्या धंद्यात अशा सात जागा दाखवू लागला, तर त्यातल्या पाच वेगळेपणाच्या नसून सवयीच्या आहेत असे खुशाल समजावे.

सवय आणि वेगळेपण यांतला भेद ओळखणे हाच या निवडीतला खरा कस आहे. 'आमच्याकडे असेच चालते' हे वाक्य प्रत्येक खातेप्रमुख म्हणतो. त्याला एकच प्रश्न विचारावा: हे असे चालते म्हणून गिऱ्हाईक आपल्याकडे येते काय? उत्तर होय असेल तर ते वेगळेपण. त्याला जपावे, त्यासाठी पैसे खर्च करावेत. उत्तर नाही असेल तर ती सवय. बिलाचा कागद गुलाबी असावा की पिवळा, यासाठी प्रणाली मोडूनतोडून घेणे परवडणारे नाही.

कोणी म्हणेल, आमचा धंदा लहान. आम्हांला एवढी यातायात कशाला? बेंगळुरूच्या ज्या कंपनीचा आरंभ १९८६ साली झाला तिचे टॅली आपल्या गावोगावच्या दुकानांत आहे. हिशेब आणि मालाचा साठा ती एकत्र ठेवते. तेवढ्यापुरती तीही एकात्मिकच. मुंबईच्या फ्रॅपे कंपनीची ईआरपीनेक्स्ट ही प्रणाली तर मुक्त आहे. तिचा मूळ मजकूर कोणालाही पाहता आणि बदलता येतो. म्हणजे एकात्मिक प्रणाली हे केवळ धनाढ्यांचे काम राहिलेले नाही. शिवाय कायदाही आता मेळ मागू लागला आहे. १ जुलै २०१७ पासून वस्तू व सेवा कर आला. १ ऑगस्ट २०२३ पासून पाच कोटींवर उलाढाल असलेल्या व्यापाऱ्याला दुसऱ्या नोंदणीकृत व्यापाऱ्याच्या नावे केलेले बिल सरकारी संकेतस्थळावर नोंदवून त्याचा क्रमांक घ्यावा लागतो. विकणाऱ्याने बिल दाखवले नाही तर घेणाऱ्याला कराची वजावट मिळत नाही, असाही नियम १ जानेवारी २०२२ पासून आहे. आणि १ एप्रिल २०२३ पासून कंपन्यांच्या हिशेबाच्या प्रणालीत प्रत्येक फेरफाराची खूण राहिली पाहिजे. ती खूण बंद करता येता कामा नये. पूर्वी आपल्या चार वह्यांचा मेळ आपल्या घरात घातला की भागत असे. आता तो समोरच्या व्यापाऱ्याच्या वहीशी आणि सरकारच्या वहीशीही बसावा लागतो. अशा वेळी बिल एका प्रणालीत, साठा दुसरीत आणि कर तिसरीत ठेवणाऱ्याने आपल्याच पायावर धोंडा पाडून घेतला असे म्हणावे लागेल.

खास प्रणाली घ्यायचीच ठरली, तर तीन गोष्टी कागदावर लिहून घ्याव्यात. पहिली, प्रत्येक नोंदीचा धनी कोण. ग्राहकाचे नाव, मालाचा दर, सभासदाचे बँक खाते, यांतली एकेक गोष्ट कोणत्या एका प्रणालीत बदलता येईल ते ठरवावे. इतर प्रणालींनी ती तेथून घ्यावी, स्वतः बदलू नये. दुसरी, सांधा तुटला तर दुरुस्त कोण करणार. दोन विक्रेते असले की प्रत्येकजण दुसऱ्याकडे बोट दाखवतो आणि आपण मधल्या मध्ये उभे राहतो. ती जबाबदारी एकाच्या नावाने आणि मुदतीसह करारात असावी. तिसरी, उद्या ही प्रणाली सोडायची झाली तर आपली माहिती आपल्याला कोणत्या रूपात परत मिळेल. ही गोष्ट एकात्मिक प्रणालीलाही लागू आहे. सॅपने २०२० साली जाहीर केले की तिच्या जुन्या पिढीच्या प्रणालीची नेहमीची देखभाल २०२७च्या अखेरीपर्यंतच होईल. ज्यांनी सारा कारभार तिच्यावर सोपवला होता त्यांना आपले पंचांग कंपनीच्या पंचांगाशी जुळवून घ्यावे लागले. भाड्याच्या घरात राहण्यात गैर काही नाही. पण आपली भांडीकुंडी कोणती, याची यादी आपल्यापाशी असावी.

आता शेवटचा मुद्दा, आणि माझ्या दृष्टीने तो सर्वांत महत्त्वाचा. बहुतेक कार्यालयांत एखादी बाई किंवा एखादा गृहस्थ असतो, ज्याचे पद मोठे नसते. दोन प्रणालींचे आकडे जुळत नाहीत हे त्याला माहीत असते. तो रोज संध्याकाळी दोन्हींतले आकडे काढतो, एक्सेलच्या कागदावर शेजारी शेजारी मांडतो, फरक शोधतो, फोन करतो, दुरुस्त करतो. संचालकांना वाटते प्रणाली उत्तम चालली आहे. प्रत्यक्षात तो माणूस चालवीत असतो. तो रजेवर गेला की खिडकीपाशी उभ्या असलेल्या शेतकऱ्याला उत्तर मिळते, 'सिस्टिममध्ये दिसत नाही.'

नवी प्रणाली निवडण्याच्या बैठकीला चेअरमन असतात, कार्यकारी संचालक असतात, सल्लागार असतात, विक्रेत्याचे सुटाबुटातले प्रतिनिधी असतात. हा माणूस मात्र क्वचितच असतो. त्याला बोलवावे, एवढेच माझे सांगणे आहे. तुझा दिवसाचा किती वेळ आकडे जुळवण्यात जातो, कोणते आकडे जुळत नाहीत, का जुळत नाहीत, हे त्याला विचारावे आणि लिहून काढावे. त्या कागदावर आपल्या धंद्याचे सगळे सांधे उतरलेले असतील. कोणता सांधा एकात्मिक प्रणालीने नाहीसा होईल आणि कोणता आपल्याला सांभाळावाच लागेल, हे तो कागद कोणत्याही छापील माहितीपत्रकापेक्षा स्पष्ट सांगेल. आणि नवी प्रणाली आल्यावर या माणसाची नोकरी घालवण्याचा विचार कोणी करू नये. मेळ कोठे बसत नाही हे ज्याला ठाऊक, तोच नव्या प्रणालीचा पहिला राखणदार होण्याच्या लायकीचा.

प्रणाली एक असो वा अनेक, मेळ घालायचे काम कोणाला तरी करावेच लागते. ते कोणी करायचे हे आधी ठरवून जो खरेदीला निघतो, त्याला विक्रेता फसवू शकत नाही. हे न ठरवता जो निघतो, त्याचा मेळ शेवटी खिडकीबाहेर उभा असलेला माणूस आपल्या वेळाने आणि आपल्या पैशाने घालतो. ते होऊ नये, एवढ्यासाठीच आज हा कोरडा विषय आपल्यापुढे मांडला.